चेहऱ्याचे देणे

१

फ्रान्समध्ये ११ ऑक्टोबर २०१० रोजी जारी झालेल्या आणि ११ एप्रिल २०११ पासून अमलात आलेल्या एका कायद्याचे पहिले कलम एकाच वाक्याचे आहे. चेहरा झाकण्यासाठी असलेला पोशाख सार्वजनिक जागेत कोणीही परिधान करू नये, एवढेच ते सांगते. या वाक्यात धर्माचा उल्लेख नाही, इस्लामचा नाही, स्त्रीचाही नाही. त्याचा कर्ता 'कोणीही' हे सर्वनाम आहे. असे असूनही त्याचा रोख कोणाकडे आहे, याविषयी ते वाचणाऱ्या कोणालाही शंका येत नाही. संपूर्ण चेहरा झाकणाऱ्या स्त्रियांची फ्रान्समधील संख्या २००९च्या अखेरीस सुमारे १९०० होती, असा तेथील सरकारचाच अंदाज होता. वाच्यार्थ साऱ्या प्रजासत्ताकाला उद्देशून आणि व्यंग्यार्थ दोन हजारांहूनही कमी स्त्रियांपुरता, अशी या वाक्याची रचना आहे. आपल्या साहित्यशास्त्राने व्यंजनेचा जो विचार केला आहे तो काव्याच्या संदर्भात. परंतु विधिसंहितेतही व्यंजना असते, आणि तेथे तिचे परिणाम दंडाच्या पावतीवर दिसतात.

या कायद्याची चर्चा बहुधा धर्मस्वातंत्र्य, धर्मनिरपेक्षता आणि स्त्रीमुक्ती या तीन संकल्पनांच्या चौकटीत होते. ती चौकट मोडीत काढण्याचा येथे उद्देश नाही. परंतु तिच्या आड एक अधिक मूलभूत प्रश्न दडून राहतो, असे मला वाटते. सार्वजनिक जागेत वावरणाऱ्या अनोळखी माणसाने आपल्याला चेहरा दाखवावा, ही आपली अपेक्षा नैतिक स्वरूपाची आहे काय? आणि ती तशी असल्यास, दंडाच्या बळावर ती पुरी करून घेता येते काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी देऊनही दुसऱ्याचे नकारार्थी द्यावे लागते, हे दाखवण्याचा हा प्रयत्न आहे.

२

प्रथम कायद्याच्या समर्थनार्थ पुढे आलेल्या कारणांचा क्रम पाहणे उपयुक्त ठरेल. मार्च २०१० मध्ये फ्रान्सच्या राज्यपरिषदेने, म्हणजे सरकारला कायदेविषयक सल्ला देणाऱ्या तेथील सर्वोच्च संस्थेने, सरसकट बंदीला निर्विवाद कायदेशीर आधार मिळणार नाही असे मत दिले होते. जेथे सुरक्षितता वा ओळख पटवणे आवश्यक आहे, तेथेच निर्बंध घालावेत असा तिचा सल्ला होता. संसदेने तो मानला नाही. पुढे एका फ्रेंच नागरिक स्त्रीने हा कायदा युरोपीय मानवी हक्क न्यायालयात नेला. आपण नकाब स्वेच्छेने घालतो, नेहमीच घालतो असेही नाही, आणि ओळख तपासण्यासाठी तो दूर करण्याची आपली तयारी आहे, असे तिचे म्हणणे होते. न्यायालयाने १ जुलै २०१४ रोजी पंधरा विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय दिला आणि कायदा टिकला.

तो कशाच्या आधारावर टिकला, हे अभ्यासण्यासारखे आहे. सुरक्षिततेसाठी सरसकट बंदी आवश्यक असल्याचे न्यायालयाला पटले नाही. स्त्रीपुरुषसमानतेचे कारणही त्याने स्वीकारले नाही. ज्या आचाराचे समर्थन स्वतः स्त्रियाच करीत आहेत त्याविरुद्ध समानतेचे तत्त्व वापरता येणार नाही, असे त्याने म्हटले. मानवी प्रतिष्ठेच्या कारणाचीही तीच गत झाली. तीन मोठे खांब असे काढून घेतल्यावर उरला तो एकच: 'एकत्र जगणे'. चेहरा हा सामाजिक व्यवहाराचा एक महत्त्वाचा दुवा आहे. तो झाकल्याने इतरांच्या, परस्परसंबंध शक्य असलेल्या अवकाशात जगण्याच्या हक्काला बाध येतो, असे मानण्यास राज्यसंस्थेला वाव आहे, हा निष्कर्ष निकालाला आधारभूत ठरला. भिन्नमत नोंदवणाऱ्या दोन न्यायाधीशांनी नेमके यावरच बोट ठेवले. इतरांशी त्यांच्या इच्छेविरुद्ध संपर्क साधण्याचा हक्क कोणालाच नसतो, अलिप्त राहण्याचाही माणसाला अधिकार आहे, असा त्यांचा आशय होता. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनेही या सरसकट बंदीने धर्मस्वातंत्र्याचा आणि समान संरक्षणाच्या तत्त्वाचा भंग होतो, असे मत दिले.

तेव्हा एका संपूर्ण विधिव्यवस्थेचा भार अखेर चेहरा या एका कल्पनेवर येऊन ठेपला आहे. मग त्या कल्पनेचीच मीमांसा करणे प्राप्त होते.

३

पूर्वपक्ष त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडला पाहिजे. तो फ्रेंच विचारवंत एलिझाबेत बादँतेर यांनी २००९ साली संसदीय समितीपुढे मांडला होता. चेहरा झाकलेली व्यक्ती इतरांना पाहते, पण स्वतःला पाहू देत नाही. त्यामुळे माणसामाणसांतील परस्परता भंगते, असा त्याचा मथितार्थ. हा युक्तिवाद परधर्मद्वेषातून आलेला म्हणून झटकून टाकता येणार नाही. बोलताना समोरच्याच्या मुद्रेवर आपण किती अवलंबून असतो, हे दूरध्वनीवर कधीही गैरसमज झालेल्या माणसाला सांगावे लागत नाही. हसू, संकोच, नापसंती, न बोललेली संमती या साऱ्यांची लिपी चेहरा हीच आहे. एकाने ती वाचावी आणि आपली मात्र मिटून ठेवावी, यात विषमता आहे हे मान्य करावे लागते.

तथापि या युक्तिवादाला एक पूर्वेतिहास आहे. फ्रान्त्झ फॅनन यांनी १९५९ साली अल्जीरियातील स्त्रियांच्या बुरख्यावर लिहिलेल्या निबंधात वसाहतकर्त्याच्या अस्वस्थतेचे निदान जवळजवळ याच शब्दांत केले होते. जी स्त्री पाहते आणि दिसत मात्र नाही, ती वसाहतकर्त्याला वैफल्यग्रस्त करते. आदल्याच वर्षी, मे १९५८ मध्ये, अल्जीयर्समध्ये स्त्रियांचे बुरखे जाहीरपणे उतरवण्याचे समारंभ सत्ताधाऱ्यांच्या पुढाकाराने घडवून आणले गेले होते. त्याआधी त्याच शहरात काही स्त्रिया स्वातंत्र्ययुद्धाच्या गरजेनुसार बुरखा टाकून युरोपीय वेषात वावरल्या आणि गरज पालटताच त्यांनी तो पुन्हा धारण केला. एकच वस्त्र कधी परंपरा, कधी प्रतिकार, कधी शस्त्र लपवण्याचे साधन झाले. चिन्हाचा अर्थ चिन्हातच वसत नाही, संबंधांच्या व्यवस्थेत तो घडतो, हे आधुनिक चिन्हमीमांसेचे प्राथमिक सूत्र आहे. बुरखा म्हणजे दास्य, असे एकदाच आणि कायमचे समीकरण मांडणारा कायदा हे सूत्र विसरतो.

अर्थात एखाद्या युक्तिवादाचे कूळ संशयास्पद आहे, एवढ्याने तो खोटा ठरत नाही. म्हणून तो त्याच्या भूमीवरच तपासला पाहिजे. परस्परतेची ही अपेक्षा नेमकी कोठे लागू होते? दोन माणसे बोलत असतील तेथे ती खरी आहे. पण कायद्याने तिची मर्यादा रस्त्यापर्यंत, बागेपर्यंत, बसच्या थांब्यापर्यंत नेली आहे. एर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ साली सार्वजनिक स्थळांतील वर्तनाचा अभ्यास करताना दाखवले की, अनोळखी माणसांच्या सभ्यतेचा पाया पाहण्यात नसून एका विशिष्ट प्रकारच्या न पाहण्यात असतो. समोरचा आहे याची क्षणमात्र दखल घ्यावी आणि लगेच नजर काढून घ्यावी. गर्दीच्या लोकलमध्ये समोरच्याच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहणारा माणूस परस्परता साधत नसतो, ती मोडत असतो. तेव्हा ज्या जागेत चेहरा वाचणे हाच असभ्यपणा, त्या जागेत चेहरा वाचता आला नाही म्हणून कोणाचा हक्क हिरावला गेला, हे सिद्ध करणे कठीण आहे.

४

या संदर्भात इमान्युएल लेव्हिनास यांचे नाव टाळता येत नाही. चेहऱ्याला नीतिशास्त्राच्या केंद्रस्थानी आणणारा हा तत्त्वज्ञ फ्रेंच भाषेतच लिहीत होता, आणि त्याचा १९६१ सालचा 'समग्रता आणि अनंत' हा ग्रंथ चेहरा उघडा ठेवण्याच्या बाजूने सहज उभा करता येईल असे वरवर वाटते. वस्तुतः लेव्हिनासचा चेहरा म्हणजे नाकडोळ्यांची दृश्य आकृती नव्हे. दृष्टीने ज्याचा ताबा घेता येत नाही, आपल्या आकलनाच्या चौकटीतून जो सतत निसटतो, आणि निसटतानाच आपल्यावर एक मागणी ठेवतो, तो त्याच्या लेखी चेहरा. इतकेच काय, दुसऱ्याला भेटण्याची उत्तम रीत म्हणजे त्याच्या डोळ्यांचा रंगही लक्षात न येणे, अशा आशयाचे त्याचे प्रतिपादन आहे. मागणी त्या चेहऱ्याची माझ्याकडे असते. माझी त्याच्याकडे नव्हे. फ्रेंच कायद्याने हा संबंध उलटा केला आहे. येथे पाहणारा मागतो आणि दिसणाऱ्याने द्यायचे असते.

'द्यायचे असते' असे म्हणताना आपली भाषा एक बारकावा सुचवते. मराठीत 'देणे' हा शब्द क्रियापद म्हणून आला की दान सुचवतो, आणि नाम म्हणून आला की ऋण. मी तुला काही देतो, आणि मी तुझे काही देणे लागतो, या दोन वाक्यांत एकच धातू असून नैतिक भूमिका मात्र पूर्णतः भिन्न आहेत. पहिल्यात देणाऱ्याचे स्वातंत्र्य आहे. दुसऱ्यात घेणाऱ्याचा हक्क आहे, तगादा आहे, प्रसंगी जप्ती आहे. 'दर्शन' या शब्दाभोवतीचा व्यवहारही असाच बोलका आहे. आपण दर्शन घेतो खरे, परंतु ते घेण्यापूर्वी कोणीतरी ते दिलेले असावे लागते. दार लावलेल्या गाभाऱ्यासमोर उभे राहून दर्शनाची वसुली करता येत नाही.

चेहरा दाखवणे हे कोणत्या अर्थाने देणे आहे? माझ्या मते ते पहिल्या अर्थाने आहे, आणि म्हणूनच त्याला नैतिक मोल आहे. कोणी आपल्यासमोर चेहरा उघडा ठेवतो, तेव्हा तो विश्वास टाकत असतो. 'एकत्र जगणे' या शब्दांना काही अर्थ असेल तर तो या विश्वासातच आहे. दीडशे युरोच्या दंडाच्या भयाने उघडा पडलेला चेहरा विश्वास टाकत नाही. तो केवळ उपलब्ध असतो. मराठीत अशा व्यवहाराला एक चपखल विशेषण आहे: 'तोंडदेखले'. ज्यात तोंड दिसते आणि मन दिसत नाही, ते तोंडदेखले. कायद्याने जे मिळवले ते तोंडदेखले सहजीवन आहे, असे म्हणण्यात कोटी करण्याचा मोह नाही. या शब्दाने त्या कायद्यातील तार्किक अडचण नेमकी पकडली आहे. ज्या गोष्टीचे मोल ती स्वेच्छेने दिली जाण्यात आहे, ती सक्तीने घेताच नष्ट होते.

५

येथे मराठी वाचकाच्या मनात एक शंका आल्याशिवाय राहणार नाही, आणि ती यावीच. सक्तीने सुधारणा होत नाही, ती समाजाच्या अंतःकरणातून यावी, हा युक्तिवाद आपण पूर्वी ऐकला आहे. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याला विरोध करताना लोकमान्य टिळकांची भूमिका याच अंगाने जाणारी होती, आणि त्या वादात न्याय्य बाजू आगरकरांची होती, याविषयी आज दुमत होण्याचे कारण नाही. मग फ्रान्सच्या कायद्याला आक्षेप घेणारा लेखक नकळत 'केसरी'च्या बाकावर जाऊन बसत नाही काय?

या शंकेचे उत्तर कायद्याच्या क्रियापदात नाही, कर्मात आहे. संमतिवयाच्या कायद्याने वयोमर्यादा दहावरून बारावर नेली, आणि त्याखालील मुलीशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या पतीलाही अपराधी ठरवले. त्याने मुलीला शिक्षा केली नाही. १८२९च्या सतीबंदीने सती जाण्यास साहाय्य करणाऱ्यांना मनुष्यवधाचे दोषी मानले. चितेवरून उतरलेल्या विधवेला दंड केला नाही. हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या, तेव्हा त्यांचा रोख पतीच्या एकतर्फी तलाकाच्या आणि बहुपत्नीत्वाच्या अधिकारावर होता. या सर्व ठिकाणी कायद्याने, वा कायद्याच्या मागणीने, बळी आणि बळी घेणारा यांत फरक केला आहे.

फ्रेंच कायद्यातही असा फरक करणारे एक कलम आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. धाकदपटशाने दुसऱ्याला चेहरा झाकायला लावणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद आणि तीस हजार युरोपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. बळी अल्पवयीन असल्यास शिक्षा दुप्पट. हे कलम आगरकरांच्या परंपरेत बसते आणि त्याला कोणताही सुबुद्ध माणूस विरोध करणार नाही. प्रश्न आहे तो पहिल्या कलमाचा. ज्या स्त्रीला घरातून सक्ती होते, तिलाच ते रस्त्यावर अडवते. घरचा पुरुष म्हणतो, झाकल्याशिवाय बाहेर पडू नकोस. शिपाई म्हणतो, झाकून बाहेर पडू नकोस. दोन्ही आज्ञांची बेरीज केली तर उरते ते एवढेच, की बाहेर पडू नकोस. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'पाकिस्तान ऑर द पार्टिशन ऑफ इंडिया' या ग्रंथात पडद्याच्या चालीची जी कठोर चिकित्सा केली, तिचा गाभा कोंडवाड्याच्या शरीरावर व मनावर होणाऱ्या परिणामांत होता. कोंडवाडा अधिक घट्ट करू शकणारी बंदी त्या चिकित्सेचा आधार घेऊ शकत नाही.

इराणच्या इतिहासात ही दोन्ही टोके एकाच देशात दिसतात. रझा शाहने १९३६ साली स्त्रियांच्या पडद्यावर बंदी घातली आणि पोलिसांकरवी तिची अंमलबजावणी केली. १९७९च्या क्रांतीनंतर आलेल्या राजवटीने डोके झाकणे सक्तीचे केले, आणि त्या सक्तीविरुद्ध २०२२ साली स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. अफगाणिस्तानातील तालिबान राजवटीने तर मे २०२२च्या फर्मानाने चेहराही झाकण्याची सक्ती केली. ही सक्ती आणि फ्रान्समधील दंड यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. एकीकडे स्त्रीचे शिक्षण आणि उपजीविका हिरावली आहे, दुसरीकडे न्यायालयात दाद मागण्याची सोय आहे. परंतु स्त्रीच्या देहावरील वस्त्र हे राज्याने आपला मजकूर लिहिण्याचे पान आहे, ही समजूत दोन्हीकडे समान आहे.

६

बंदीच्या विरोधकांच्या युक्तिवादातही एक उणीव आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक केल्यास हे विवेचन एकांगी होईल. 'ही तिची निवड आहे' असे म्हणून ते विषय मिटवू पाहतात. 'निवड' हा शब्द बाजारातला आहे. दोन रंगांतून एक उचलावा तसा आचार कोणी उचलत नाही. सबा महमूद यांनी कैरोमधील मशीद-चळवळीतील स्त्रियांवरील २००५ सालच्या ग्रंथात दाखवले की, त्या स्त्रियांच्या दृष्टीने वस्त्र हे आतल्या भावाचे बाहेरचे चिन्ह नसते. ते घालत राहण्यातूनच तो भाव घडतो. म्हणजे दास्याचे चिन्ह म्हणणारे आणि स्वातंत्र्याचे चिन्ह म्हणणारे, दोघेही त्याला चिन्हच मानतात. धारण करणारी मात्र त्याला साधना मानत असते. साधना म्हटल्याने ती चिकित्सेच्या पलीकडे जाते असे नव्हे. स्त्रीचा देहच तेवढा झाकण्यायोग्य का, हा प्रश्न साधनेलाही विचारता येतो आणि विचारलाच पाहिजे. पण तो विचारण्याची जागा संवाद आहे, आणि संवादात समोरचीला उत्तर न देण्याचीही मुभा असते.

याचा अर्थ चेहरा कधीच मागता येत नाही असा नाही. ओळख पटवण्याचा चेहरा आणि भेटीचा चेहरा यांत भेद केला की पुष्कळसा गुंता सुटतो. सीमेवर, बँकेत, मतदान केंद्रावर ओळख हवी असते. ती मर्यादित क्षणी, मर्यादित कारणासाठी मागता येते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१२ मध्ये साक्षीदार स्त्रीच्या नकाबाविषयी निर्णय देताना सरसकट परवानगीही दिली नाही आणि सरसकट बंदीही घातली नाही. आरोपीच्या न्याय्य सुनावणीला खरोखर धोका आहे काय, हे प्रत्येक प्रकरणी तपासावे असे सांगितले. मुंबईतील एका महाविद्यालयाच्या वेषविषयक परिपत्रकाबाबत भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी दिलेल्या अंतरिम आदेशातही असाच विवेक दिसतो. हिजाब, टोपी आणि बिल्ले यांवरील मनाईला स्थगिती मिळाली; वर्गात बुरख्याला मात्र परवानगी दिली गेली नाही. वर्ग ही अध्यापनाची, म्हणजे सतत देवाणघेवाणीची जागा आहे. रस्ता तशी नाही. कारण जेथवर पोहोचते तेथवरच निर्बंध पोहोचावा, हे सूत्र या दोन्ही उदाहरणांतून निघते. फ्रेंच कायद्यात कारण वर्गाच्या दारापाशी थांबते आणि निर्बंध रस्ताभर पुढे चालत राहतो.

२०२० साली आलेल्या साथीने या वादावर एक अनपेक्षित भाष्य केले. त्याच वर्षी मे महिन्यात फ्रान्समधील सार्वजनिक वाहतुकीत आणि २० जुलैपासून बंदिस्त सार्वजनिक जागांत मुखपट्टी सक्तीची झाली. ही मुखपट्टी तात्पुरती होती, सर्वांना सारखीच लागू होती आणि परहितासाठी होती, तेव्हा नकाबाशी तिची तुलना चुकीची आहे, असे म्हटले जाते. आणि ते बव्हंशी खरेही आहे. परंतु त्यातून एवढे तरी सिद्ध झाले की, अर्धा चेहरा झाकूनही प्रजासत्ताक चालते, दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलतो, शेजारी शेजाऱ्याला ओळखतो. म्हणजे आक्षेप झाकण्याला नव्हताच. झाकण्याच्या कारणाला होता. आणि मनातल्या कारणाला दंड करणारा कायदा हा वस्त्रविषयक कायदा राहत नाही, तो श्रद्धेविषयीचा कायदा होतो. पहिल्या कलमाने 'कोणीही' या सर्वनामाआड जे झाकले होते, ते साथीने असे उघडे केले.

बेल्जियम, ऑस्ट्रिया, डेन्मार्क यांनी पुढे असेच कायदे केले. स्वित्झर्लंडमध्ये ७ मार्च २०२१च्या सार्वमतात ५१.२ टक्के मतदारांनी बंदीच्या बाजूने कौल दिला आणि १ जानेवारी २०२५ पासून ती अमलात आली. बहुमत हळूहळू एका दिशेने सरकत आहे, हे स्पष्ट आहे. या बहुमताची अस्वस्थता खोटी आहे असे मी म्हणत नाही. समोरून येणाऱ्या स्त्रीने आपल्याला चेहरा द्यावा असे वाटणे, यात गैर काही नाही. मात्र ज्याला दान हवे आहे त्याने सावकाराचा वेष घेऊन दारात उभे राहू नये. तिने चेहरा उघडावा असे वाटत असेल, तर तो जेथे निर्भयपणे उघडता येईल अशी जागा घडवण्याचे देणे मात्र आपण लागतो. आणि त्या देण्यासाठी आजवर कोणी कोणाला दंड केलेला नाही.